गिऱ्हाइकांची वही आणि गावांचा नकाशा

(पिशोर येथे भरलेल्या कासार ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यवसायातील नव्या साधनांविषयी मी चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी केली. वस्तुतः हे काम माझे नव्हे. माझी सारी हयात खडू आणि फळा यांच्या सोबतीत गेली; दुकानाच्या गादीवर बसण्याचा किंवा बांगड्यांची पेटी घेऊन गावे हिंडण्याचा योग मला आला नाही. तो माझ्या वडिलांना आला, थोरल्या बंधूंना आला, आणि आज पुतण्याला आला आहे. तथापि आजचा विषय जितका व्यापाराचा आहे, तितकाच भूगोलाचाही आहे. तिसरीच्या मुलांना आपल्या जिल्ह्याचा नकाशा शिकवण्यात माझी अनेक वर्षे गेली. त्या अधिकाराने बोलण्याचे धाडस करतो.

विषय असा. आपल्या गिऱ्हाइकांची यादी संगणकावरील तक्त्यात, ज्याला सर्वजण स्प्रेडशीट किंवा एक्सेल म्हणतात त्यात, उतरवावी. आणि त्या यादीतील प्रत्येक घर इंटरनेटवरील नकाशावर एकेका ठिपक्याने दाखवावे. एवढेच ते काम. ऐकायला ते किरकोळ वाटते. परंतु त्यात आपल्या धंद्याचे हित किती, धोका किती, आणि त्या निमित्ताने आपल्या समाजापुढे कोणता प्रश्न उभा राहतो, हे आपल्यापुढे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

प्रथम एक गोष्ट मान्य करू. आपल्या वाडवडिलांपाशी नकाशा नव्हता, असे म्हणणे धाडसाचे होईल. तो कागदावर नव्हता, इतकेच. पाठीवर किंवा घोड्यावर माल लादून नाचनवेल, करंजखेड, चिंचोली लिंबाजी या बाजूंना फिरणाऱ्या कासाराला कोणत्या गावात किती उंबरे आहेत, कोणत्या घरी यंदा लग्न निघणार, कोणाची लेक पहिलटकरीण म्हणून माहेरी येणार, कोणत्या वाडीला ओढा उतरल्याशिवाय जाता येत नाही, हे सारे मुखोद्गत असे. श्रावण, नागपंचमी, संक्रांत आणि लग्नसराई यांच्या हिशोबाने त्याची पावले पडत. हाताचा पंजा पाहून बांगडीचे माप सांगणारा हा माणूस गावाची वेस पाहून घरांचा हिशोबही सांगत असे.

पण या नकाशाला एक मोठी उणीव होती. तो एकाच माणसाच्या डोक्यात राही, आणि त्या माणसाबरोबर तो जाई. आपल्यापैकी कित्येक घरांचा हा अनुभव आहे. कर्ता पुरुष गेला, मुलगा पेटी घेऊन निघाला, आणि त्याला कळले की वडिलांनी वहीत नुसतेच लिहून ठेवले आहे, "वडाखालचे घर, दोन डझन", "पाटलीणबाई, बाकी आहे". कोणता वड आणि कोणत्या पाटलीणबाई? वही हाती राहिली, वहीचा अर्थ वडिलांबरोबर गेला. तीस-चाळीस वर्षे जोडलेली गिऱ्हाइके अशा वेळी वर्ष-दोन वर्षांत पांगतात. मोटारसायकलीवर माल आणणारा परका विक्रेता आणि घरपोच पार्सल पाठवणारी दूरची कंपनी अशा संधीची वाटच पाहत असतात. म्हणून मी म्हणतो, प्रश्न हौशीचा नाही, वारशाचा आहे. जमीन असती तर सातबारा झाला असता. आपला वारसा ओळखीचा आहे, आणि त्याचा उतारा कोणत्याही चावडीत मिळत नाही.

आता कोणी विचारील की, यादी केली म्हणजे पुरे, नकाशाची भर कशाला? याचे उत्तर देण्यासाठी मी आपल्याला क्षणभर लंडन शहरात नेतो. इ. स. १८५४ मध्ये त्या शहराच्या सोहो नावाच्या भागात पटकीची साथ आली आणि दहा दिवसांत पाचशेहून अधिक माणसे दगावली. मृतांची यादी सरकारदरबारी होतीच. परंतु जॉन स्नो नावाच्या डॉक्टराने त्या यादीतील घरे नकाशावर मांडली, आणि खुणांची दाटी एका सार्वजनिक पंपाभोवती झालेली दिसली. पटकी दूषित हवेने होते असा त्या काळचा बहुतेकांचा समज होता; ती पाण्यातून येते हे डॉक्टरचे म्हणणे नकाशाने डोळ्यांपुढे उभे केले. पंपाचा दांडा काढण्यात आला. यादीतील नावे एकाखाली एक असतात, म्हणून शेजारची दोन घरे यादीत दोन पानांचे अंतर राखून बसू शकतात. नकाशावर शेजारी हा शेजारीच दिसतो. यादी "कोण" हे सांगते, नकाशा "कोठे" हे सांगतो. आणि फिरतीचा धंदा करणाऱ्याला दुसऱ्या प्रश्नाचे मोल पहिल्याइतकेच आहे.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. यात कोठेही मोठी विद्या लागत नाही, शिस्त मात्र लागते.

तक्त्याचा पहिला नियम असा की, एका ओळीत एकच घर आणि एका रकान्यात एकच गोष्ट. आपल्या वहीत आपण सवयीने सारे एकत्र लिहितो: नाव, गाव, मापे, बाकी, सारे एका दमात. माणूस ते वाचू शकतो, यंत्र गोंधळते. म्हणून घराची खूण एका रकान्यात, गाव दुसऱ्यात, तालुका तिसऱ्यात, जिल्हा चौथ्यात, राज्य पाचव्यात. पुढे मालाचा प्रकार, शेवटच्या भेटीचा महिना, आणि वर्षातून किती फेऱ्या होतात तो आकडा. पहिल्या ओळीत रकान्यांची नावे स्पष्ट लिहावीत. आणि एका गावाचे नाव सर्वत्र एकाच रीतीने लिहावे. "चिंचोली", "चिंचोली लिं." आणि "चिंचोली लिंबाजी" ही माणसाला एकच, पण यंत्राला तीन गावे आहेत.

दुसरा नियम ठिकाणाविषयी. यंत्राला ठिकाण दोन रीतींनी सांगता येते: नावाने किंवा आकड्यांनी. नावाने सांगणे सोपे, परंतु फसवे आहे. उदाहरण आपल्या घरचेच घ्या. आपल्या जुन्या वह्यांत, पावत्यांत आणि पत्त्यांत जिल्ह्याचे नाव औरंगाबाद असे आहे. इ. स. २०२३ मध्ये शहराचे व जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहार राज्यात आजही आहे. ज्याने तक्त्यात राज्याचा रकाना ठेवला नाही आणि जुनेच नाव लिहिले, त्याचे गिऱ्हाईक गंगेच्या खोऱ्यात जाऊन बसले तर यंत्राला दोष देता येणार नाही. आपल्या कन्नड तालुक्यात पळशी आहे, शहराजवळही एक पळशी आहे. आणि इंग्रजी अक्षरांत जवळजवळ तेच नाव बंगालमधील पलाशीचे होते. हीच ती पलाशी, जिला आम्ही शाळेत प्लासी म्हणून शिकवले आणि जेथे इ. स. १७५७ मध्ये लढाई झाली. चिंचोली म्हणावे तर कर्नाटकात त्या नावाचा तालुका आहे. खुद्द कन्नड हे आपल्या तालुक्याचे नाव, एका भाषेचेही नाव, आणि कर्नाटकातील दोन जिल्ह्यांच्या नावांतही ते येते.

आपल्या पूर्वजांना ही अडचण फार आधी समजली होती. म्हणून तर त्यांनी बुद्रुक आणि खुर्द हे शब्द गावांना जोडले. हे दोन्ही शब्द फार्सीतून आले, एकाचा अर्थ मोठे आणि दुसऱ्याचा लहान. चिंचोलीला लिंबाजी जोडला तो याच कारणाने. हे पुरवणी शब्द आपण बोलताना गाळतो. तक्त्यात ते गाळू नयेत.

याच अडचणीवर टपाल खात्यातील एका मराठी विद्वानाने देशभरासाठी तोड काढली, हे सांगताना मला अभिमान वाटतो. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे मोठे पंडित आणि टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि अनेक भाषा यांमुळे पत्रे भलतीकडे जात. त्यांनी मांडलेली सहा अंकांची पिनकोड पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली. आपल्या भागातील पिनकोड ४३१ या आकड्याने सुरू होतो. तक्त्यात पिनकोडाचा रकाना अवश्य ठेवावा, कारण गिऱ्हाईक परराज्यात जाऊन पडण्याची भीती त्याने पुष्कळ कमी होते. मात्र एका पिनकोडाखाली अनेक गावे येतात. तो आपल्याला टापूपर्यंत पोचवतो, दारापर्यंत पोचवत नाही.

दारापर्यंत पोचण्यास आकड्यांची दुसरी रीत, म्हणजे अक्षांश आणि रेखांश. खेड्यात घरांना रस्त्याचे नाव नसते, घरक्रमांक ग्रामपंचायतीच्या वहीत असला तरी तो नकाशाला ठाऊक नसतो; म्हणून आपल्या कामाला हीच रीत खरी. या देशाची अशी शास्त्रशुद्ध मोजणी विल्यम लॅम्टन या अधिकाऱ्याने इ. स. १८०२ मध्ये मद्रासजवळ सुरू केली. साखळ्या आणि दुर्बिणीची जड यंत्रे घेऊन तो वर्षानुवर्षे उत्तरेकडे सरकत राहिला, आणि इ. स. १८२३ मध्ये आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे त्याचा अंत झाला. त्याची कबर तेथेच आहे. ज्या आकड्यांसाठी एका माणसाने आयुष्य वेचले, ते आज आपल्या खिशातील फोन क्षणात दाखवतो. गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहून नकाशा उघडावा, आपण उभे आहोत त्या जागी बोट दाबून धरावे. दोन आकडे दिसतात. ते उतरून घ्यावेत.

या दोन आकड्यांविषयी तीन सूचना देतो. पहिली, क्रम. आधी अक्षांश, मग रेखांश. आपल्या परिसराचा अक्षांश वीस अंश आणि वर काही भाग, रेखांश पंचाहत्तर अंश आणि वर काही भाग. हे दोन रकाने उलटे पडले, तर पिशोरचे गिऱ्हाईक नॉर्वे देशाच्याही उत्तरेस, ध्रुवाजवळच्या थंडगार समुद्रात जाऊन पडते, आणि तेथे बांगड्या भरायला कोणी नाही. दुसरी सूचना, दशांशचिन्हापुढील अंक. एक अक्षांश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशानंतर दोनच अंक लिहिले तर किलोमीटरभराची चूक होऊ शकते, म्हणजे गाव बरोबर पण घर चुकले. चार अंक लिहिले तर ती सुमारे अकरा मीटरांवर येते. पाच लिहिले तर मीटरभरावर. आपल्या कामास पाच अंक पुरेत. तिसरी सूचना, आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत आणि त्या रकान्यात दुसरे एक अक्षरही लिहू नये.

ज्यांना हे आकडे लक्षात ठेवणे जड वाटते, त्यांनी टपाल खात्याच्या डिजिपिन या नव्या सोयीची माहिती करून घ्यावी. हैदराबादची आय.आय.टी. आणि इस्रोचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांच्या साहाय्याने खात्याने ती इ. स. २०२५ मध्ये लोकांपुढे आणली. साऱ्या देशाचे सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद असे चौकोन कल्पून प्रत्येक चौकोनास दहा अक्षरे-अंकांची खूण दिली आहे. वाडीवस्तीवरच्या खोपटालाही त्यात पत्ता मिळतो. वेलणकरांनी टापूपर्यंत आणलेले काम आता ओट्यापर्यंत आले, असे म्हणण्यास हरकत नाही.

तक्ता तयार झाला की तो नकाशावर चढवणे हे शेवटचे आणि सर्वांत सोपे काम. अनेक साधने आहेत; आमच्या पुतण्याने गूगलचे माय मॅप्स वापरले, त्यास पैसे पडत नाहीत, फक्त गूगलचे खाते लागते. संगणकावर ते उघडावे, नवा नकाशा करावा, तक्ता आयात करण्याची आज्ञा द्यावी. यंत्र प्रथम विचारते, ठिकाण कोणत्या रकान्यात आहे. तेथे अक्षांश व रेखांश यांचे रकाने दाखवावेत. मग विचारते, ठिपक्याचे नाव कोणत्या रकान्यातून घ्यावे. एका वेळी दोन हजार ओळींपर्यंतचा तक्ता त्यात घेता येतो आणि एका नकाशात दहा थर ठेवता येतात. ज्या ओळींचे ठिकाण सापडले नाही, त्या यंत्र वेगळ्या दाखवते. त्या लागलीच तपासून दुरुस्त कराव्यात, नाहीतर ती गिऱ्हाइके आपल्या नकाशातून मुकाट्याने बाहेर राहतात. नंतर एखाद्या रकान्याप्रमाणे ठिपक्यांना रंग द्यावा: यंदा भेट झालेले हिरवे, न झालेले तांबडे. आणि एक ध्यानात ठेवावे, मूळ तक्त्यात पुढे केलेला बदल या नकाशात आपोआप येत नाही. तक्ता पुन्हा चढवावा लागतो. म्हणून तक्ता हीच खरी वही समजावी.

असे करून काय हाती लागले, हे आपण विचाराल. आमच्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत माझ्या वडीलबंधूंना जवळ बसवून जुन्या वहीची एकेक ओळ विचारून घेतली. बंधूंची दृष्टी आता मंद झाली आहे, पण वाट विचारली की ते न अडखळता सांगत. पुढे महिना-दीड महिना पुतण्या फेरीवर असताना दारोदारचे आकडे टिपत गेला. नकाशा पुरा झाला त्या रात्री घरातील सारी मंडळी त्या पडद्याभोवती बसली. अंजना नदीच्या अंगाने ठिपक्यांची माळ लागली होती. एका हमरस्त्यावर, जेथे आपल्याच समाजाचे तिघे जण फिरतात, तेथे दाटी होती. आणि डोंगराच्या पायथ्याकडच्या एका मोठ्या पट्ट्यात एकही ठिपका नव्हता.

तेथे पुतण्या चटकन म्हणाला, "या भागात गिऱ्हाईकच नाही." वडीलबंधूंनी मान हलवली. ते म्हणाले, "गिऱ्हाईक नाही असे नव्हे. आपण तिकडे जात नाही." ज्ञातिबंधूंनो, या दोन वाक्यांतील अंतर हेच माझ्या व्याख्यानाचे सार समजा. नकाशावर आपली गिऱ्हाइके दिसतात, ती गावाची सारी गरज नव्हे. रिकामी जागा ही ओसाडच असेल असे नाही. कदाचित तेथे आपले पाऊलच पडले नसेल. जुन्या माणसाला विचारल्याशिवाय नव्या नकाशाचा अर्थ लावू नये. त्याप्रमाणेच नकाशावरील सरळ अंतराला भुलू नये. दोन ठिपके बोटभर अंतरावर दिसतात, पण मध्ये नदी असते, पावसाळ्यात वाट बंद होते, आणि वळसा घालून जावे लागते. कावळ्याची वाट निराळी, कासाराची वाट निराळी.

आता मी अशा मुद्द्याकडे येतो, ज्याविषयी मला सर्वांत अधिक कळकळ आहे. आपल्या यादीत कोण असते? घरोघरच्या लेकीसुना असतात. गावातील कोणत्याही परपुरुषापुढे जी सून डोक्यावरचा पदर सावरून आत जाते, ती कासारापुढे निःशंकपणे हात पुढे करते. कोणी त्याला मामा म्हणते, कोणी काका. बांगडी भरताना तो हात दाबतो, काच टोचू नये म्हणून जपतो, आणि त्या घरची सुखदुःखे ऐकून तेथेच ठेवून येतो. हा विश्वास आपल्या धंद्याचे खरे भांडवल आहे. काच फिरोजाबादेची असते. विश्वास मात्र आपला स्वतःचा असतो.

आता कल्पना करा की, या लेकीसुनांची नावे, फोनचे आकडे आणि घराचे ठिकाण मीटरभराच्या अचूकतेने एका नकाशावर मांडले, आणि त्या नकाशाची लिंक कोणी सहज म्हणून एखाद्या गटात पाठवली. ज्याच्या हाती ती लिंक जाईल, त्याला कोणत्या दारात कोण राहते हे घरबसल्या दिसेल. आपल्या वडिलांची वही हरवली तर सापडणाऱ्याला काही कळत नसे. हा नकाशा सापडला तर त्याला सारेच कळते. जी अचूकता आपल्या सोयीची, तीच परक्याच्या हाती धोक्याची. यासाठी मी चार बंधने सुचवतो. नकाशावर चढवण्याच्या तक्त्यात बाईमाणसाचे नाव व फोन ठेवूच नये. घराला एक क्रमांक द्यावा, आणि क्रमांक व नाव यांची जोड आपल्या वहीत ठेवावी. नकाशा फक्त आपल्याच खात्यापुरता राखावा. लिंक असलेल्या कोणालाही तो दिसेल अशी मोकळीक देऊ नये. ठिकाण टिपताना घरच्यांना विचारावे. नको म्हटले तर गावाच्या वेशीचा ठिपका पुरे. आणि धंदा सोडला किंवा गिऱ्हाईक तुटले, तर ती ओळ काढून टाकावी. व्यक्तीच्या माहितीच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने इ. स. २०२३ मध्ये कायदाही केला आहे. परंतु आपण कायद्याच्या आधीपासून मामा आहोत. मामाला हे कोणी शिकवण्याची गरज पडू नये.

शेवटचा प्रश्न समाजाचा आहे. हा विषय मी खाजगीत काढला तेव्हा एका ज्येष्ठ व्यावसायिकांनी स्पष्ट विचारले, "मास्तर, आम्ही आमची गिऱ्हाइके नकाशावर मांडून भाऊबंदांना दाखवायची? मग पोटाला काय खायचे?" त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. आपल्यात चढाओढ आहे, आणि ती एका भाषणाने मिटणारी नाही. माझी सूचना एवढीच आहे की, आपली घरांची यादी ज्याची त्याने आपल्यापाशी ठेवावी. मंडळाच्या नकाशात फक्त गावाचे नाव आणि तेथे आपल्यापैकी कोण कोणत्या वारी जातो, इतकेच यावे. एकाच रस्त्यावर तिघांची मोटारसायकल एकाच दिवशी पेट्रोल जाळत जाते आणि डोंगरापायथ्याच्या गावांत कोणीच जात नाही, हे निदान सर्वांना दिसेल. दिसल्यावर कोणी वार बदलेल, कोणी वाट बदलेल. पूर्वी भाऊ-भाऊ वेगळे होताना गावे वाटून घेत, आणि त्या वाटणीला दोघेही जागत. ती रीत नव्याने सुरू करण्यात कमीपणा नाही.

आणि या हिशोबात एक गोष्ट विसरू नये. प्रत्येकाच्या नकाशावर एखादा ठिपका एकटाच, दूर पडलेला असतो. पुतण्याच्या नकाशावरही एक आहे. एका वस्तीवर एक वृद्ध बाई राहतात, वर्षातून एकदा नाती माहेरी आल्या की त्यांना बांगड्या भरवतात, आणि बंधूंच्या तरुणपणापासून त्यांनी दुसऱ्या कासाराला ओटा चढू दिलेला नाही. पेट्रोलचा हिशोब म्हणतो, तो ठिपका पुसावा. बंधू म्हणतात, जावे. पुतण्याने दोघांचेही ऐकले आणि त्या वाटेवरच्या दोन नव्या गावांत विचारपूस सुरू केली, म्हणजे फेरी वाया जाणार नाही आणि बाईंचा ओटाही सुटणार नाही. नकाशाचा उपयोग असा करावा. कोणाला सोडावे हे तो सांगेल. कोणाला सोडू नये हे आपले आपण ठरवायचे.

म्हणून मंडळापुढे माझी नम्र विनंती आहे. पुढील मेळाव्यापूर्वी प्रत्येक घरातील एका शिकल्या मुलाने किंवा मुलीने, आणि मी मुलीने हे आवर्जून म्हणतो, घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसून जुन्या वहीतील ओळी तक्त्यात उतरवाव्यात. नकाशा पुढे होईल. नकाशा करणारी यंत्रे उद्या आणखी चांगली निघतील. वहीचा अर्थ सांगणारी माणसे मात्र दरवर्षी कमी होत आहेत. ज्यांना संगणकाची अडचण असेल, त्यांना माझा ओटा दर रविवारी सकाळी मोकळा आहे. येताना वही आणावी, आणि शक्य असेल तर वही लिहिणाऱ्यांनाही आणावे.